आठव्या कोपऱ्यातली पावली

४ जून

वन्सं,

साष्टांग नमस्कार लिहीत नाही. गुडघे वाकत नाहीत, आणि कागदावर खोटं वाकण्यात काय अर्थ आहे? नुसता नमस्कार घ्या.

माझं अक्षर कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. तिसरीत शाळा सुटली ती सुटली. फोनच केला असता, पण मागे दोनदा केला तेव्हा माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून दिलात. पत्राचं तसं करता येत नाही. फार तर फाडाल, पण फाडायच्या आधी वाचाल. मी ओळखून आहे तुम्हाला.

सोबत पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये चिकटपट्टी लावून एक चांदीची पावली पाठवली आहे. तुमच्या जन्मसालची. तुमच्या बाबांच्या डब्यातली. तुमचे दादा जाऊन वर्ष झालं. जायच्या आधी म्हणाले होते, तिची तिला दे. देते आहे.

बावीस वर्षं तुम्ही सगळ्यांना सांगत आलात की दादाने माझी वस्तू दाबून ठेवली. पण मुळात ती अचाट वाटणी कुणी केली? तुम्हीच दोघांनी. बाबांनी नदीवरच्या होडीच्या तिकीटखिडकीत बसून, गोऱ्या राजाच्या राज्यातल्या पावल्या जमवल्या. दर सालची एक, ओळीने चाळीस सालं. ते गेल्यावर तुम्ही दोघांनी त्या चादरीवर सालवार मांडल्या आणि पोरांनी खेळातल्या गोट्या वाटाव्यात तसं एक तुझी, एक माझी करत उचलल्या. झालं. दोघांकडे अर्धे अर्धे डबे, दात पडलेल्या तोंडासारखे. त्यात तुमच्या दोघांत तीन वर्षांचं अंतर, म्हणून तुमचं साल त्यांच्या डब्यात गेलं आणि त्यांचं तुमच्या. मग ठरलं की तुम्ही नव्या घरात राहायला जाल त्या दिवशी तेवढ्या दोन बदलून घ्यायच्या.

त्या दिवशी तुम्ही त्यांची पावली कागदाच्या पुडीत घेऊन दारात उभ्या होतात. आणि ते म्हणाले, "असू दे जिथल्या तिथे. मला नाही बदलायची." पंचवीस माणसांसमोर. तुमचं तोंड कसं झालं ते मी बघितलं. पुडी तुम्ही मुठीत दाबलीत आणि आत गेलात, त्या परत आमच्या उंबऱ्याशी आलात त्या दादांना शेवटचं बघायला. पाणीसुद्धा न घेता गेलात.

असो. तुमची वस्तू तुम्हाला पोचली. दोन ओळीत कळवा. पोस्टमनवर माझा विश्वास आहे, पाकिटावर नाही.

वहिनी

१९ जून

वन्सं,

पाकीट परत आलं. माझ्या चिकटपट्टीवर तुमची चिकटपट्टी, आणि आत चिठ्ठी. "बाबांच्या पावलीला राजाच्या नाकासमोर कडेला खोच होती. हिची खोच कुठे आहे? मला फसवायला अजून थोडं शिकायला हवं होतंत, वहिनी."

बरं. पकडलंत. आता बसून ऐका.

ही पावली बाबांची नाही. मे महिन्यात तो पुलाखाली बसणारा जुन्या नाण्यांचा माणूस घर शोधत आला. डोक्यावर टोपी, हातात मळकी पिशवी. मला वाटलं भंगारवाला. म्हटलं, "काही नाही आमच्याकडे." तो म्हणतो, "आजी, घ्यायला नाही, द्यायला आलोय. साहेबांनी हे साल सांगून ठेवलं होतं. पैसे आधीच दिलेत." साहेब कुठले आता! पण त्याने आणली ती मी ठेवून घेतली, आणि माझ्या डोक्यात आलं की हीच तुम्हाला पाठवून मोकळं व्हावं. नाण्यासारखं नाणं, साल तेच, राजा तोच. खोच असते हे मला कुणी सांगितलं होतं?

तुमची चिठ्ठी वाचली आणि डबा काढला. तळाशी त्यांनी एक पुडी ठेवलेली. आत तुमच्या सालच्या आणखी दोन. एकीला कुणीतरी गळ्यात घालायला भोक पाडलेलं. दुसरीला राजाच्या नाकासमोर खोच! मी हरखले. त्यांचं भिंग लावून बघितलं तर खोच अगदी नवी, आतून पांढरी, आणि तिच्या काठाला घासल्याच्या बारीक रेघा. माझी कात्रीची कानस आहे ना, तिच्या. म्हणजे हा माणूस कधीतरी मी बाजारात गेल्यावर माझी कानस घेऊन बसला आणि बाबांची खोच तयार करत बसला. आणि केल्यावर तुम्हाला पाठवली नाही. हात धजला नसणार. तुमचा भाऊ माझ्यापेक्षा बरा होता, एवढं या पत्रातून घ्या.

दर रविवारी ते पुलाखाली जायचे. मी म्हणायचे, एवढी काळी टिकली हवी तरी कशाला, घरात एकोणीस पडल्यात. ते म्हणायचे, "बघून येतो." येताना बहुतेक वेळा रिकामे. मला वाटायचं गप्पा मारायला जातात.

तर वन्सं, तुमची पावली त्यांनी दाबली नव्हती. ती त्यांच्याकडे नव्हतीच. त्या दिवशीही नव्हती.

आता एक विचारते, त्याचं सरळ उत्तर द्या, फाटे फोडू नका. तुमच्या नव्या घरासाठी मी निळे पडदे शिवले होते. ते कुठे आहेत? फेकू नका, कुणाला देऊ नका, आणि मुख्य म्हणजे धुवायला टाकू नका.

वहिनी

२ जुलै

वन्सं,

"बावीस वर्षांनी दिलेलं कापड परत मागणारी बाई मी पहिल्यांदा बघितली." हे तुमचं वाक्य मी सुनेला वाचून दाखवलं. ती हसली. मी पण हसले. तुमची जीभ अजून शाबूत आहे, बरं वाटलं.

कापड नको मला. कापडाच्या आत काय आहे ते हवं, आणि तेही माझ्यासाठी नको. लिहिते आता. हे लिहायला मला चहा दोनदा करावा लागला.

तुमच्या घराच्या पुढच्या खोलीला दोन खिडक्या. दोन खिडक्यांचे चार पडदे. जाड निळं कापड, मीच निवडलेलं. मी तेव्हा ज्या दुकानासाठी पडदे शिवायचे त्यांची एक पद्धत होती, पडद्याच्या खालच्या दुमडीत दोन्ही कोपऱ्यांना शिशाची एकेक टिकली शिवून टाकायची. म्हणजे पडदा वाऱ्याने उडत नाही, सरळ पडतो. चार पडद्यांचे आठ कोपरे. माझ्याकडे टिकल्या निघाल्या सात.

तो निघायचाच दिवस. गाडी दारात उभी, तुमचे दादा बाहेरून ओरडतायत, "अगं पडदा शिवतेयस का नदी?" निळा दोरा संपलेला. शेवटचा कोपरा मी काळ्या दोऱ्याने घेतला. आणि वजन? फळीवर त्यांचा डबा होता, आणि डब्याच्या झाकणावर एक पावली सुटी पडलेली. मला वाटलं डब्यात ठेवायची राहिली असेल. एवढ्यातली एक गेली तर काय बिघडतं, नंतर सांगू, दुसरी टिकली मिळाली की बदलू. उचलली, दुमडीत सारली, सहा टाके घातले, दोरा दाताने तोडला.

सुटी का होती ते आता तुम्हाला कळलं असेल. त्यांनी सकाळीच डब्यातून तुमची काढून झाकणावर ठेवली होती. खिशात टाकायला.

तुमच्या दारात ते खिसे चाचपत होते ते मी बघितलं. कोटाचे, सदऱ्याचे, परत कोटाचे. तेव्हासुद्धा मला कळलं नाही, खरं सांगते. ते काय बोलले ते ऐकलं आणि मी तुमच्याइतकीच गार पडले. नाणं हरवलं असं म्हणायची त्यांना लाज वाटली. घरात कुणी ओला हात लावला तरी ओरडणारा माणूस, कडेनेच धरा, घासू नका, श्वास टाकू नका. आणि नेमकी बहिणीची पावली दारातून निघता निघता हरवली, हे पंचवीस लोकांसमोर कसं सांगणार? त्यापेक्षा हट्टी म्हटलेलं बरं वाटलं त्यांना. पुरुषांचं डोकं.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "झाकणावरची पावली बघितलीस?" तेव्हा कळलं मला. आणि मी म्हणाले, "मी कशाला तुमच्या काळ्या टिकल्यांना हात लावू?"

का म्हणाले ते पण लिहिते, अर्धं कबूल करून काही उपयोग नाही. पडदे लावल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "वहिनी, एक पडदा तिरका पडतोय बरं का." आठवतं? माझ्या शिवणीला तोवर कुणी तिरकं म्हटलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर मला तुमच्या घरी येऊन, तुमच्या समोर, तो पडदा उसवायला लागला असता. मला ते जड गेलं. मग आठवडा गेला, महिना गेला, आणि मग सांगायची वेळच राहिली नाही.

आणि वन्सं, तुमचं बरोबर होतं. तो तिरकाच पडत होता. पावली शिशापेक्षा हलकी असते. हे मी बावीस वर्षं कुणाजवळ बोलले नाही.

दादांना सांगितलं का, हे तुम्ही विचाराल. शेवटच्या वर्षी सांगितलं. पडूनच असायचे. मी पाय चेपता चेपता सांगून टाकलं, म्हटलं आता काय उठून मारणार आहेत? मग हसायला लागले ते खोकला येईस्तोवर. मी पाठ चोळतेय आणि ते हसतायत. शेवटी श्वास लागला तेव्हा म्हणाले, "म्हणजे मी दिली होती तर! वेळेवर, तिच्या घरात, तिच्याच खिडकीत." त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. आणि म्हणाले, तू लिही तिला, मी नाही लिहिणार, चोर तू आहेस.

मी वर्षभर टाळलं. मग नाणेवाला आला आणि मला पळवाट दिसली. तीही तुम्ही बुजवलीत.

आता पडदे शोधा. तुम्हाला खोचेची ओळख आहे.

वहिनी

२० जुलै

वन्सं,

तुमच्या पत्राचं पहिलं पान नुसतं शिव्यांचं आहे. कपटी, आतल्या गाठीची, भावाच्या संसारातली कीड. कीड जरा जास्त झालं. बाकीचं ठेवून घेते, माझंच आहे.

दुसऱ्या पानावर आलात तेव्हा बऱ्या झालात. तर असा हिशोब लागतो की पडदे तुम्ही आठवड्यातच उतरवले होते. दोन ट्रंकेत तळाला, अजून कोरे. एक भाऊजींनी कारखान्यात नेला, यंत्रावर झाकायला. ट्रंकेतल्या दोन्हींचे चारही कोपरे तुम्ही उसवले. शिसं. कारखान्यातला तेलाने कडक झालेला, तो चाकूने कापला. शिसं, शिसं. आणि मग लिहिता, "काळ्या दोऱ्याचं तुम्ही सांगितलं होतंत, पण ते मला सहाव्या कोपऱ्यानंतर आठवलं. पत्रात एवढं पाल्हाळ लावायला कुणी सांगितलं होतं?"

पाल्हाळ! बावीस वर्षांचं चार पानांत बसवलं तर ते पाल्हाळ.

राहिला एक. तो बारा वर्षांपूर्वी तुम्ही धुण्याभांड्याच्या बाईला दिलात. ती काम सोडून नदीपलीकडे राहायला गेली. आणि आता तुमचं म्हणणं, "दिलेली वस्तू मी परत मागायला जाऊ? माझ्याकडून होणार नाही."

का होणार नाही? तुम्ही मला तीच गोष्ट लिहिली होतीत ना, दिलेलं कापड मागणारी बाई म्हणून? आता दोघी सारख्या झालो. लाज वाटत असेल तर माझ्या नावावर खपवा. म्हणा, आमच्या वहिनीला म्हातारपणात भ्रम झालाय, जुना पडदा बघितल्याशिवाय जेवत नाही. मला चालेल. पलीकडे मला कोण ओळखतं?

पण जा. आज उद्या करू नका. जुनं कापड माणसं पायपुसण्याला घेतात, फाडून फडकी करतात. तसं झालं असेल तर तुमची पावली एव्हाना कुठल्या तरी गटारात असेल, आणि मग मी तुम्हाला काय तोंड दाखवणार? आतापर्यंत दाखवत नव्हतेच म्हणा. पण तेव्हा न दाखवण्यात एक आशा होती.

इथे मी रोज दुपारी डबा काढून बसते. भिंगाने बघते. जुन्या राणीचं तोंड झिजून कणकेच्या गोळ्यासारखं झालंय, पण वेणी अजून दिसते. म्हाताऱ्या राजाची दाढी पुढे पुढे जास्त राखलेली. मधलं एकेक साल नाही, ते तुमच्याकडे. पहिल्यांदाच नीट बघितल्या. घासायची भयंकर इच्छा होते, राखेने एकदाच, चकाचक. पण हात आवरला आहे. सून म्हणते, "आई, तुम्हाला हा नाद कधीपासून?" म्हटलं, नाद नाही, शिक्षा आहे. पण दुपार बरी जाते.

वहिनी

८ ऑगस्ट

वन्सं,

तुमचं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून परत वाचलं, मग सुनेला वाचायला दिलं. ती म्हणाली, "आत्या लिहितात छान हो." मी म्हटलं, भांडतात त्याहून छान.

तुम्ही लिहिलेलं मी इथे परत लिहून ठेवते, कारण मला ते आवडलं. तुम्ही नदी ओलांडून गेलात, तीन गल्ल्या चुकलात. बाईने दार उघडलं आणि तुम्ही तोंड उघडायच्या आधीच तुम्हाला दिसलं. खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दाराला निळा पडदा. विटून राखेच्या रंगाचा झालेला, पण अख्खा. तुम्ही उगाच मुलाबाळांची चौकशी करत बसलात. आणि तेवढ्यात वारा आला आणि पडद्याचा एक कोपरा चौकटीवर आपटला. टक, टक.

बाई म्हणाली, "हा एक कोपरा बोलका आहे, ताई. बाकीचा गप पडतो, हा उडतो. कुणी आलं गेलं की मला चुलीपाशी कळतं."

मग तुम्ही खाली वाकून बघितलंत. काळा दोरा.

तिथल्या तिथे तुम्ही उसवलं नाहीत हे मला कळत नाही. तुमच्या जागी मी दाताने तोडला असता. तुम्ही लिहिता, "दुसऱ्याच्या दारात बसून कसं उसवू? आणि ते टाके तुमचे आहेत." बरं. पुढे तुम्ही तिला सगळं खरं सांगितलंत, माझ्या भ्रमाची गोष्ट न वापरता. आणि तिने सांगितलं की पडदा देईन, पण दार उघडं ठेवणार नाही. बदली नवा हवा. दुकानातला नको. "ज्या बाईने हा शिवला तिच्याच हातचा. बारा वर्षं झाली, एक टाका हलला नाही."

वन्सं, हे तुम्ही लिहिलं नसतं तरी चाललं असतं. मला खोटं सांगून दुकानातला नेऊन देता आला असता. पण लिहिलंत.

सात वर्षांत मी मशिनीला हात लावला नव्हता. परवा काढली, तेल घातलं, पट्टा बदलून आणवला. सुई ओवायचं काम सुनेकडे. आईंसाठी एक तासात तेरा सुया ओवल्या असं ती सगळ्यांना सांगत फिरतेय, सात होत्या. कापड हिरवं घेतलं आहे, जाड, न विटणारं. लांबी तुम्ही दोरीने मोजून पाठवलीत ती दोरी मी दोनदा ताणून बघितली, तुमची मापं मला माहीत आहेत. दोन्ही कोपऱ्यांना शिसं, आणि दोन्ही टिकल्या वाण्याच्या काट्यावर ठेवून तोलून घेतल्या आहेत. वाणी म्हणाला, "आजी, काय सोनं आहे का?" म्हटलं, सोनंही कुणी एवढं तोलत नाही.

एक अडचण आहे. ती बाई म्हणते तिला बोलका कोपरा हवाच. कुणी आलं गेलं कळायला. म्हणजे मला आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम तिरका पडदा शिवायचा आहे. एका कोपऱ्यातलं शिसं काढून मी पावली घालते आहे. नाणेवाल्याने आणलेली, ती तुम्ही मला परत पाठवलेली. तिला सांगून घालते, चोरून नाही. एकदा केलं तेवढं पुरे. तुमच्या दादांनी तिचे पैसे दिले होते, कुठेतरी लागली तर त्यांना बरं वाटेल.

पंचवीस तारखेला सकाळच्या गाडीने येते. मुलगा सोडायला येणार म्हणतोय, मी नको म्हटलंय. दोन म्हाताऱ्यांचं भांडण बघायला तिसरं माणूस कशाला?

नवा पडदा शिवून झाला की आधी पार्सलने पाठवते, तो तिला देऊन जुना आणून ठेवा. मी येईपर्यंत हात लावू नका.

वहिनी

३ सप्टेंबर

वन्सं,

पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली, एका बाईने खिडकी दिली. तुम्ही दिलेली पिशवी मांडीवर घेऊन बसले, कुणाला हात लावू दिला नाही.

तुमच्या घरी मी एक गोष्ट बोलले नाही, ती आता बोलते. पडदा मी उसवायचा असं ठरलं होतं. मी सुई काढते तोवर तुम्ही माझ्या हातातून कात्री ओढून घेतलीत. "माझी पावली, मी काढणार." बरं. काढलीत. सहा टाके, एकेक करून, कपाळाला आठ्या घालून. पावली तुमच्या तळहातावर पडली, चिंचोक्यासारखी काळी. तुम्ही ती लगेच कडेने धरलीत. तुमचे दादा धरायचे तशीच, बाबा धरत असतील तशीच. खिडकीपाशी नेऊन फिरवलीत. राजाचं नाक. नाकासमोर खोच.

मला वाटलं आता रडारड होणार आणि मला काय बोलावं सुचणार नाही. पण तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुमचा टाका सुटता सुटत नव्हता हो."

माझ्या शिवणीचं तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा चांगलं बोललात. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं होतं.

इथपर्यंत सगळं ठीक. मग तुम्ही ती पावली डब्यात ठेवायची सोडून परत दुमडीत सारलीत, आणि पडदा पुढच्या खिडकीला लावायचा म्हणून स्वतः टाके घालायला बसलात. वन्सं, ते टाके आहेत का काय आहेत? एक इथे, एक दोन बोटं पुढे, मधे गाठ. कोंबडी कागदावर चालली तर तिची नक्षी बरी येईल. माझा हात शिवशिवत होता. पण मी चहा घेत बसले, आणि तुम्ही दिलेलं पाणी पण प्यायले, दोन पेले. तो कोपरा मी दुरुस्त करणार नाही. तुमचाच तिरका पडदा आहे, आता कुणाला नावं ठेवणार?

डबे एकत्र करायचं तुम्ही म्हणालात, आणि मी नको म्हटलं, ते रागाने नाही. चाळीसच्या चाळीस एका जागी झाल्या की झाकण लागलं आणि संपलं. अर्धं तुमच्याकडे, अर्धं माझ्याकडे असलं म्हणजे अख्खी रांग बघायची असेल तेव्हा एकीला गाडीत बसावं लागेल. पुढची पाळी तुमची. मी चादर धुऊन ठेवली आहे.

निघताना तुम्ही पिशवीत घातलीत ती पुडी मी गाडीत उघडली नाही. घरी आल्यावर हात धुऊन, पुसून, कोरडे करून उघडली. तो कागद त्याच दिवसाचा आहे ना? मुठीत दाबल्याच्या घड्या अजून आहेत. आत त्यांचं साल. मी ही पावली कधी बघितली नव्हती. राजाचा कान अगदी धडधाकट आहे, फारशी कुणाच्या हातात फिरलेली दिसत नाही. तुम्ही चांगली सांभाळलीत. रागानेच सांभाळली असेल, पण सांभाळलीत.

त्यांच्या खुर्चीच्या मागे खिडकी आहे, तिच्या पडद्यातलं शिसं मी काढलं आणि ही घातली. काळ्या दोऱ्याने, सहा टाके. आता तो पडदा तिरका पडतो. काल दुपारी मी तुम्हाला हे पत्र लिहायला बसले तर वारा आला आणि कोपरा खुर्चीच्या पाठीवर आपटायला लागला, टक, टक. सून आतून आली, म्हणाली, "आई, तो आवाज बंद करू का? टीप मारून टाकते."

म्हटलं, राहू दे. बावीस वर्षं गप्प बसला होता तो माणूस माझ्या पायी. बोलू दे जरा.

येताना तुमचं भिंग आणा. माझ्या भिंगाला चरा आहे, आणि तुम्ही परत म्हणाल मी तुम्हाला नीट दाखवलं नाही.

वहिनी